ग्रंथ, विवेक आणि अर्थ लावण्याचा अधिकार

ख्रिस्ती धर्मात बुद्धीला जागा आहे काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा वाद जिंकण्यासाठी विचारला जातो. विचारणारा पुरोगामी असेल तर तो कुमारी मातेपासून पुनरुत्थानापर्यंत चमत्कारांची यादी वाचतो आणि श्रद्धा म्हणजे बुद्धी गहाण टाकणे, असा निकाल देऊन मोकळा होतो. उत्तर देणारा सश्रद्ध असेल तर श्रद्धा बुद्धीच्या पलीकडची गोष्ट आहे असे म्हणून तो चर्चेचे दार लावून घेतो. दोघांचे एका बाबतीत मात्र एकमत असते. ग्रंथ काय म्हणतो ते ठरलेलेच आहे. ते मानायचे की नाही एवढाच काय तो प्रश्न, असे दोघेही धरून चालतात. माझा आक्षेप या गृहीतावर आहे. ग्रंथ काय म्हणतो हेच मुळी ठरलेले नसते; ते कुणीतरी ठरवीत असतो. म्हणून विवेकाचे काम चमत्कारांच्या चिकित्सेच्या बरेच आधी सुरू होते. हा अर्थ कुणी लावला, कुणाच्या सोयीसाठी लावला, आणि ज्याच्या पाठीवर तो अर्थ फटक्यासारखा पडला त्याला तोंड उघडण्याची मुभा होती काय, हे विवेकाचे पहिले प्रश्न आहेत.

मी ख्रिस्ती नाही. धम्मदीक्षा घेतलेल्या घरात माझा जन्म झाला. तरीही हा विषय मला परका वाटत नाही. ग्रंथप्रामाण्याशी आपले भांडण जुने आहे, आणि हेच भांडण आपल्याइतकेच जिवावर उदार होऊन ज्यांनी केले त्यांत अमेरिकेतील काळे गुलाम आहेत. जोतीरावांना हे नाते फार लवकर दिसले होते. १८७३ साली प्रसिद्ध झालेली ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली ती उगीच नव्हे. त्या अर्पणपत्रिकेचे आपण पुष्कळ कौतुक केले. पण ज्यांची मुक्ती झाली ते आपल्या मालकाच्या धर्मग्रंथाशी कसे वागले, याचा विचार आपल्याकडे त्या मानाने कमी झाला.

ख्रिस्ती विचारवंतांनी बुद्धीला हाकलून दिले होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. चौथ्या-पाचव्या शतकातील ऑगस्टीनने ग्रंथाचा अर्थ कसा लावावा यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. ज्या अर्थाने देवावरचे आणि शेजाऱ्यावरचे प्रेम वाढत नाही तो अर्थ लावणाऱ्याला ग्रंथ कळलाच नाही, ही त्याची कसोटी. सृष्टीविषयी एखादा ख्रिस्ती माणूस ग्रंथाचा हवाला देऊन अडाणीपणाचे बोलला तर त्यात ग्रंथाचीच नाचक्की होते, असेही त्याने बजावले. तेराव्या शतकात थॉमस अक्विनसने ॲरिस्टॉटलला हाताशी धरून धर्मशास्त्राची रचना केली. बुद्धी होतीच. पण हाच ऑगस्टीन गुलामगिरीला पापाचे फळ मानतो आणि गुलामाने ती निमूटपणे सोसावी असे सांगतो. प्रेमाची कसोटी त्याच्या हातात होती. ती एकदा गुलामाच्या बाजूने लावून पाहावी असे त्याला वाटले नाही.

याहून बोलके उदाहरण मार्टिन ल्यूथरचे आहे. १५२१ साली वर्म्स येथे सम्राटासमोर उभा राहून त्याने सांगितले की शास्त्राच्या आधाराने किंवा स्पष्ट युक्तिवादाने माझी चूक दाखवून दिल्याशिवाय मी एक शब्दही मागे घेणार नाही. पोप आणि धर्मपरिषदा यांचे प्रामाण्य त्याने झुगारले. पुढच्याच वर्षी त्याचा नव्या कराराचा जर्मन अनुवाद लोकांच्या हाती आला, आणि लोकांनी तो वाचला. १५२५ च्या मार्च महिन्यात मेमिंगेन या गावी शेतकऱ्यांनी आपल्या बारा मागण्या लिहून काढल्या. त्या लिहिण्यात पुढाकार होता केसाळ कातड्यांचे काम करणाऱ्या एका कारागिराचा. तिसऱ्या मागणीत त्यांनी म्हटले की ख्रिस्ताने धनगरापासून सरदारापर्यंत साऱ्यांना आपले रक्त देऊन सोडवले, तर आम्ही कुणाचे वेठबिगार कसे? आणि शेवटच्या कलमात ते म्हणतात, आमची कोणतीही मागणी शास्त्राविरुद्ध आहे असे दाखवून द्या, आम्ही ती सोडून देऊ. शब्दाशब्दांत ल्यूथरचीच भाषा आहे ही! चार वर्षांपूर्वी त्याने सम्राटाला जे आव्हान दिले तेच आता शेतकरी आपल्या धन्यांना देत होते. ल्यूथरचे उत्तर काय? ख्रिस्ती स्वातंत्र्य आत्म्याचे असते, तुम्ही त्याला देहाचे करून टाकता. अब्राहामाकडेही गुलाम होते. आणि दंगली पेटल्यावर राजेरजवाड्यांनी या लोकांना कापून काढावे असे पत्रक त्याने लिहिले. हजारो मारले गेले. धर्मशास्त्राच्या पंडिताने ग्रंथाला प्रश्न विचारला ती धर्मसुधारणा ठरली. कातडी शिवणाऱ्याने तोच ग्रंथ, त्याच रीतीने वाचला ते बंड ठरले. आत्मा आणि देह अशी ही वाटणी लक्षात ठेवावी. ती पुढे आपल्या देशात पुन्हा भेटणार आहे.

आता अमेरिका. तेथील दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामगिरीचे समर्थन करणारे बहुतेक लोक नास्तिक नव्हते, अडाणीही नव्हते. त्यांत पाळक होते, धर्मशास्त्राचे अध्यापक होते. त्यांचा दावा एकच: आम्ही ग्रंथ जसा आहे तसा वाचतो, गुलामगिरीचे विरोधक त्यात आपल्या मनाचे घुसडतात. कबूल केले पाहिजे की हा दावा वरवर पाहता भक्कम होता. जुन्या करारात गुलाम आहेत, त्यांच्या खरेदी-विक्रीचे नियम आहेत. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात गुलामांना धन्याच्या आज्ञेत राहण्यास सांगितले आहे. येशूने गुलामगिरी बंद करा असे कुठेही म्हटलेले नाही. वचनावर वचन ठेवून मोजत गेले तर मालकाचे पारडे जड होत होते. १८४४ साली मेथडिस्ट मंडळी आणि १८४५ साली बॅप्टिस्ट मंडळी या प्रश्नावर दुभंगल्या. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमावे की नाही, या वादातून ऑगस्टा येथे सदर्न बॅप्टिस्टांची वेगळी संस्था निघाली. त्या संस्थेने या गोष्टीची जाहीर क्षमा मागितली ती १९९५ साली, म्हणजे दीडशे वर्षांनी.

परंतु ‘जसे आहे तसे’ वाचणाऱ्यांचे वाचन तपासून पाहिले की वेगळेच दिसते. काळ्यांच्या गुलामगिरीला आधार म्हणून उत्पत्तीच्या नवव्या अध्यायातील शाप सांगितला जाई. नोहाने हामला शाप दिला, हामचे वंशज काळे, म्हणून काळ्यांनी गोऱ्यांची चाकरी करावी. मूळ गोष्ट उघडून पाहावी. शाप हामला दिलेलाच नाही. हामचा मुलगा कनान याला दिला आहे. रंगाचा तर उल्लेखही नाही. म्हणजे शापाचा धनी बदलला, कातडीचा रंग बाहेरून आणून चिकटवला, आणि वर म्हणायचे की आम्ही अर्थ लावीत नाही, नुसते वाचतो. आपल्याला हा प्रकार ओळखीचा आहे. पुरुषसूक्ताच्या पायांवर केवढा डोलारा उभा केला गेला ते आपण जाणतोच.

दुसरे उदाहरण पौलाच्या फिलेमोनाला लिहिलेल्या पत्राचे. पौलाच्या पत्रांत हे सर्वांत लहान. अवघी पंचवीस वचने. पौल तुरुंगात आहे. फिलेमोन या गृहस्थाचा अनेसिम नावाचा गुलाम त्याच्यापाशी आहे, त्याला तो परत पाठवीत आहे. १८५० साली अमेरिकेत फरारी गुलामांना पकडून मालकाच्या स्वाधीन करण्याचा कायदा झाला, तेव्हा उत्तरेतील अँडोव्हरच्या मोझेस स्टुअर्टसारख्या नामांकित बायबल-पंडिताने या पत्राचा दाखला दिला. पौलाने पळालेला गुलाम परत केला, मग आपण का करू नये? पत्र वाचून पाहिले तर अनेसिम पळून गेला होता असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. तो चोरी करून पळाला ही कथा चौथ्या शतकातील ख्रिसोस्तमसारख्या उपदेशकांच्या भाष्यातून रूढ झाली आणि पुढे मूळ पत्राइतकीच पवित्र होऊन बसली. पत्रात आहे ते असे: त्याला आता गुलाम म्हणून घेऊ नकोस, गुलामाहून अधिक, प्रिय भाऊ म्हणून घे, मला घेशील तसा त्याला घे, त्याचे काही देणे निघत असेल तर माझ्या नावे मांड. शिवाय पत्र एकट्या फिलेमोनाला नाही. त्याच्या घरात जमणाऱ्या सगळ्या मंडळीला आहे. म्हणजे चारचौघांच्या देखत सांगितलेली गोष्ट. भाऊ म्हणजे ‘प्रभूमध्ये भाऊ’, घरात मात्र गुलाम, अशी सोय मालकांनी काढली होती. पण पौल त्याच वाक्यात देहानेही भाऊ असे म्हणतो. एका आधुनिक काळ्या अभ्यासकाने, ॲलन कॅलहॅनने, तर हे दोघे खरोखरीचे भाऊ असावेत असा अर्थ १९९० नंतर मांडला. तो सर्वांनी मान्य केलेला नाही, मलाही तो पुरता पटत नाही. पण तोवरचे पंडित जे नसलेले वाचत होते ते त्याच्यामुळे उघडे पडले. यात पौलाला क्रांतिकारक ठरवण्याचा माझा हेतू नाही. गुलामगिरी अन्याय आहे असे तो त्या पत्रातही म्हणत नाही. त्याने दार अर्धे उघडले आणि तेवढ्यावर थांबला.

या पत्राची गुलामांसमोर काय गत झाली, हे त्याहून महत्त्वाचे आहे. जॉर्जिया राज्याच्या लिबर्टी परगण्यात चार्ल्स कॉलकॉक जोन्स नावाचा पाळक होता. स्वतः गुलामांचा मालक, आणि गुलामांना धर्मोपदेश करण्याच्या कामाला वाहून घेतलेला. एकदा त्याने मोठ्या जमावापुढे फिलेमोनाच्या पत्रावर प्रवचन केले. आज्ञाधारकपणा हा गुण आहे आणि पळून जाणे हे पाप आहे, असे तो पौलाच्या आधाराने सांगू लागला. निम्मे लोक उठून चालते झाले. उरले त्यांच्यातही कुरबुर सुरू झाली. प्रवचन संपल्यावर काहींनी त्याला तोंडावर सांगितले की असले पत्र बायबलात नाहीच. काही म्हणाले, हे शुभवर्तमान नव्हे. काहींनी सांगितले, तुझे प्रवचन पुन्हा ऐकले नाही तरी चालेल. ही हकीकत कुणा विरोधकाने लिहिलेली नाही. जोन्सने स्वतःच आपल्या अहवालात नमूद केली आहे.

त्या लोकांना वाचता येत नव्हते. ते येऊ नये अशी व्यवस्थाच होती. साऊथ कॅरोलिनाने १७४० सालीच गुलामाला लिहायला शिकवणे गुन्हा ठरवले होते. १८३१ साली व्हर्जिनियात नॅट टर्नरचे बंड झाले (तो स्वतः बायबल वाचणारा उपदेशक होता), त्यानंतर दक्षिणेत हे निर्बंध आणखी आवळले गेले. आणि जेथे ग्रंथ द्यायचा तेथे तो कातरून द्यायचा. वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी १८०७ साली लंडनमध्ये एक बायबल छापले गेले. त्यात सहासष्टपैकी चौदाच पुस्तकांतले निवडक भाग होते. इजिप्तमध्ये गुलाम असूनही धन्याशी इमान राखणारा योसेफ त्यात ठेवला होता. गुलामांना इजिप्तबाहेर काढणारा मोशे गाळला होता. दास आणि स्वतंत्र असा भेद ख्रिस्तात उरत नाही हे गलतीकरांच्या पत्रातील वचनही गाळले होते. आपल्याकडे कानात शिसे ओतण्याची भाषा होती, तिकडे कात्री होती. ग्रंथाची खरी धार कुठे आहे हे मालकांना अचूक कळत होते. जे गाळले त्याची यादी हेच त्यांचे भाष्य.

अशा स्थितीत अक्षरशत्रू माणसे उठून म्हणतात की हे पत्र बायबलात नाही. शब्दशः पाहता ते चूक होते, पत्र आहे. मग ही अडाण्यांची अडेलतट्टू श्रद्धा समजायची काय? मला तसे वाटत नाही. ज्या देवाने मिसर देशात गुलामांचा आक्रोश ऐकला तोच देव आम्हाला पळू नका म्हणणार नाही, हा त्यांचा तर्क होता. एका भागावरून दुसरा भाग तपासणे, मूळ सूत्र कोणते आणि प्रक्षिप्त काय याचा निवाडा करणे हेच तर विद्यापीठांतले बायबल-पंडित करीत होते. फरक एवढाच की पंडितांच्या निवाड्यावर त्यांची पोटे भरत होती आणि गुलामांच्या निवाड्यावर फटके बसत होते. फ्रेडरिक डग्लसने १८४५ साली आपल्या आत्मकथनात एक मालक सांगितला आहे. तो एका पंगू तरुणीला बांधून चाबकाने मारी आणि मारता मारता येशूच्या दृष्टांतातले वचन म्हणत असे. डग्लसने पुस्तकाच्या शेवटी मुद्दाम पुरवणी जोडून या भूमीचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा ख्रिस्ती धर्म यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर असल्याचे लिहिले. चाबूक आणि वचन एका हातात असताना जो अर्थ निघतो तो अर्थच नव्हे, ही डग्लसची कसोटी मला ऑगस्टीनच्या कसोटीपेक्षा पक्की वाटते. ती वापरून पाहिलेली कसोटी आहे.

हॉवर्ड थरमन या काळ्या विचारवंताने १९४९ सालच्या आपल्या ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’ या पुस्तकात आजीची हकीकत सांगितली आहे. गुलामगिरीत जन्मलेल्या त्या बाईला वाचता येत नव्हते. नातू तिला बायबल वाचून दाखवी. पण पौलाची पत्रे ती वाचू देत नसे. अपवाद करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील प्रेमाच्या अध्यायाचा, तोही कधीमधी. मोठा झाल्यावर त्याने कारण विचारले. मालकाचा गोरा उपदेशक मळ्यावर येई आणि पौलाचे नाव घेऊन गुलामांनो धन्याचे ऐका एवढेच सांगे. तेव्हाच तिने ठरवले होते की कधी सुटका झाली आणि वाचायला आले तर हा भाग आपण वाचणार नाही. माझ्या आजीलाही वाचता येत नव्हते. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चाले, तेव्हा वाचणाऱ्याला मध्येच थांबवून ‘हे पुन्हा सांग बाबा’ किंवा ‘याचा आपल्याला काय उपेग?’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत. निरक्षर म्हणजे निर्बुद्ध नव्हे हे कळायला मला थरमनची गरज नव्हती. पण हे लिहून ठेवण्यासारखे आहे हे मात्र त्याच्याकडून कळले.

हा थरमन १९३५-३६ साली कृष्णवर्णीय अमेरिकनांचे शिष्टमंडळ घेऊन हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोन येथे आला होता. कोलंबोत व्याख्यानानंतर त्याला विचारण्यात आले, ज्या धर्माच्या लोकांनी तुम्हाला गुलाम करून नेले त्याच धर्माचा तू प्रचारक? तू साऱ्या काळ्या-सावळ्या माणसांचा द्रोही आहेस. त्याचे ते पुस्तक म्हणजे या प्रश्नाला सावकाश दिलेले उत्तर आहे. रोमन सत्तेखाली चिरडलेल्या जमातीतला एक गरीब ज्यू म्हणून येशूकडे पाहा, असे ते उत्तर. १९३६ च्या फेब्रुवारीत हे शिष्टमंडळ बारडोलीला गांधीजींना भेटले. आणि त्याच वर्षी मे महिन्यात बाबासाहेबांचे लाहोरला न झालेले भाषण, ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’, छापून बाहेर पडले.

या भाषणाने आपल्या विषयापुढे मोठे प्रश्नचिन्ह उभे केले आहे. बाबासाहेब तेथे सुधारकांना बजावतात की शास्त्रांचा खरा अर्थ तसा नाही, असल्या शब्दच्छलात शिरू नका. व्याकरणाने काय अर्थ निघतो याला महत्त्व नाही. लोकांनी तो कसा घेतला आहे त्याला आहे. शास्त्रांचे प्रामाण्यच नाकारा, बुद्धाने आणि नानकाने नाकारले तसे. गांधीजींनी ‘हरिजन’मधून उत्तर दिले की जे विवेकाला पटत नाही ते ईश्वरी वचन होऊच शकत नाही. वाचायला हे किती पुरोगामी! पण मग संतांनी लावलेला अर्थ घ्यावा असेही ते म्हणतात, आणि ग्रंथ जागच्या जागी राहतो. बाबासाहेबांचे प्रत्युत्तर असे की सामान्य माणसाला मूळ आणि प्रक्षिप्त हा भेद ठाऊकच नाही. त्याला जे सांगितले तेच तो पाळतो.

तर मग थरमनची आजी कुणाच्या बाजूची? ग्रंथ बरोबर, तुमचा अर्थ चुकला, असे म्हणणाऱ्या सुधारकांत मी तिला बसवीत नाही. पौलाचा खरा अर्थ वेगळा आहे असे ती म्हणत नव्हती. हा भाग माझ्यासमोर वाचायचा नाही, असे ती म्हणत होती. ग्रंथ तिचा न्याय करीत नव्हता. ती ग्रंथाचा न्याय करीत होती. ही भूमिका बाबासाहेबांच्या फार जवळची आहे. बाबासाहेबांनी अर्थ लावणे मुळातच त्याज्य मानले होते असेही नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी बुद्धवचन ओळखण्याच्या कसोट्या उघड सांगितल्या आहेत: जे बुद्धिसंगत आणि तर्कसंगत आहे ते बुद्धाचे, माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही ते बुद्धाच्या नावावर घालता येत नाही. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही कथा एकोणतीस वर्षांच्या माणसाबाबत बुद्धीला पटत नाही म्हणून त्यांनी बाजूला ठेवली आणि शाक्य-कोलियांच्या रोहिणीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला. मनुस्मृतीच्या बाबतीत त्यांनी ही मेहनत घेतली नाही, कारण ज्याला ग्रंथ ऐकण्याचीच बंदी त्याला त्याचा वाचक म्हणून उभे राहायला त्या ग्रंथात जागाच नव्हती. काळ्या गुलामांना कात्री लावलेल्या बायबलातही ती जागा सापडत होती. दोन निर्णय वेगळे दिसतात. त्यांच्यामागचा विवेक मला एकच वाटतो.

ख्रिस्ती मंडळींना मात्र ही जागा आयती मिळाली असे समजू नये. आपल्याच देशात पाहा. तंजावरच्या जुन्या ल्यूथरन मिशनच्या मंडळ्यांत वेल्लाळ ख्रिस्ती वेगळे बसत, प्रभुभोजनाला आधी येत. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळीत जात अजिबात चालणार नाही असा हुकूम काढला तेव्हा अनेक वेल्लाळ मंडळी सोडून गेले. त्यांचा युक्तिवाद असा की जात ही लौकिक रूढी आहे, धर्माशी तिचा संबंध नाही. शुभवर्तमान आत्म्याचे आहे, समाजरचनेचे नाही. पुढे आलेल्या लाइपझिगच्या ल्यूथरन मिशनने हा युक्तिवाद बराचसा उचलून धरला. १५२५ साली जर्मन शेतकऱ्यांना दिलेले उत्तर तीनशे वर्षांनी कावेरीकाठी पोचले. येथे जातीच्या बाजूने बोलणाऱ्यांपाशी बुद्धीची कमतरता नव्हती. भेद करणे, व्याख्या करणे, मर्यादा आखणे, सगळे रीतसर चालले होते. वेगळ्या चटईवर कोण बसतो, त्याला मात्र कुणी विचारले नाही.

त्याला विचारायला हवे, असे धर्मशास्त्रात ठणकावून म्हटले गेले ते १९८१ साली, आणि म्हणणारा मराठी माणूस होता. अरविंद निर्मळ यांनी बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात ‘शूद्र धर्मशास्त्रा’ची मांडणी केली, पुढे त्यालाच दलित धर्मशास्त्र हे नाव पडले. तोवरचे भारतीय ख्रिस्ती चिंतन बहुतांशी उच्चवर्णीय धर्मांतरितांचे. ख्रिस्ताचे वेदान्ताशी कसे जुळते, भक्तिमार्गाशी कसे जुळते, हा त्यांचा शोध. मंडळीत बहुसंख्य असलेल्या महार, मांग, परय, माल, मादिग माणसाला या जुळवाजुळवीशी काय देणेघेणे? निर्मळांनी अनुवादाच्या पुस्तकातील सव्विसावा अध्याय घेतला. तेथे इस्राएली माणूस पहिले पीक अर्पण करताना आपला पूर्वज भटका अरामी होता, आपल्यावर जुलूम झाला, अशी कबुली देतो. निर्मळ म्हणाले, आम्हीही आमची कबुली अशीच सुरू करू. आमचे पूर्वज दलित होते, हे आधी तोंडाने उच्चारू. मंडळीत जात लपवून वावरणाऱ्याला हे किती जड गेले असेल, ते आपण समजू शकतो.

यातही एक गाठ राहते. मिसर देशातून सुटलेल्यांना जी भूमी मिळते ती मोकळी नव्हती. तेथे कनानी लोक राहत होते, ज्यांच्या पूर्वजाच्या शापावर पुढे गुलामगिरी उभी केली गेली तेच कनानी. अमेरिकेतील मूळनिवासी ओसेज जमातीचा अभ्यासक रॉबर्ट वॉरिअर याने १९८९ साली हाच प्रश्न मुक्तीचे धर्मशास्त्र मांडणाऱ्यांना विचारला: ही कथा आम्ही कुणाच्या जागी उभे राहून वाचायची? आमची जमीन याच कथेच्या आधाराने गेली. आपल्याकडच्या आदिवासी ख्रिस्ती माणसाचाही तोच प्रश्न असू शकतो. मोशेने सुटका केली म्हणून त्याच्या पुढच्या वाटचालीला प्रश्न विचारायचा नाही, असे होत नाही.

शेवटी एक अशी गोष्ट, जिच्यात अर्थ लावणारा पाळकही नाही आणि पंडितही नाही. खुद्द राज्यसंस्था आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती म्हणून ओळखले जाण्यासाठी हिंदू असणे आवश्यक ठरवले. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतले. ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. या वगळण्याचे नेहमी दिले जाणारे कारण असे की त्या धर्मांत जातच नाही. १९८५ साली मद्रासच्या एका ख्रिस्ती झालेल्या चर्मकाराचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. सरकारने चर्मकारांना टपऱ्या मोफत दिल्या, त्याला नाकारल्या. धर्मांतरानंतरही जातीचे अपंगत्व तितक्याच तीव्रतेने टिकून आहे हे दाखवणारा पुरेसा पुरावा समोर नाही, असे म्हणून न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढावी अशी शिफारस केली; २०२२ साली त्याच प्रश्नासाठी के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. ‘ख्रिस्ती धर्मात जात नाही’ हे वाक्य ग्रंथापुरते खरे असेल. पण ग्रंथात नाही म्हणून गावात नाही, वेगळ्या रांगेत नाही, वेगळ्या कबरस्तानात नाही, हा अर्थ कुणी लावला? बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगितले होते की पोथीत काय आहे ते पाहू नका, लोक काय पाळतात ते पाहा. त्या चर्मकाराकडे पोथीचा पुरावा कुणी मागितला नव्हता. आपल्या हलाखीचा मागितला होता, आणि तो गोळा करण्याचे काम एकट्या त्याच्यावर सोपवले होते.